तेच, की तसंच

फोन साहेबांच्या टेबलावर उताणा ठेवला होता आणि त्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतका वाढवला होता. पलीकडून एका बालवाडीच्या मोठ्या बाई बोलत होत्या. रागाने नव्हे, तर एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगावी लागल्यावर माणसाचा आवाज होतो तशा दमलेल्या आवाजात. आणि त्यांच्या दोन वाक्यांमधल्या फटीतून, जरा लांबून, एका लहान मुलीचं बोलणं ऐकू आलं. ती रडत नव्हती. वर्गात शंका विचारावी तसं विचारत होती. "पण मशीन म्हणतंय ना, हे बाबा नाहीत म्हणून." एवढंच. मग तिला कुणीतरी आत नेलं असावं, कारण एक दार लागल्याचा आवाज आला आणि मोठ्या बाई पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.

हळूबाई साहेबांच्या दारात उभी होती, हातात रिकामी बाटली घेऊन. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पाणी भरायला जाता जाता ती थबकली होती आणि आता तिला पुढेही जाता येईना, मागेही फिरता येईना. तिचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं, पण ऑफिसात ती हळूबाईच. आवाज हळू, चाल हळू, कीबोर्डवर बोटंसुद्धा अशी पडायची की शेजारच्याला वाटावं, ही नुसती बसलीय. त्यात सकाळी उठल्यापासून दुपारी साडेबारापर्यंत तिचं मौन. नऊ वर्षं, आजारपणातसुद्धा न चुकवलेलं. सुरुवातीला थट्टा झाली. हिच्याशी भांडायचं तर दुपारची वेळ मागून घ्यावी लागते, असं म्हणून लोक हसले. मग सवय झाली. तिच्या टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असायचा, सकाळी कुणी काही विचारलं की ती चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायची, बारीक, गोल, एकही शब्द न खोडता. साहेब तर म्हणायचे, सगळ्यांनीच सकाळी असं लिहून दिलं तर निम्म्या मीटिंगा वाचतील. आणि आणखी एक गोष्ट म्हणायचे, जी तिला ऐकायला आवडायची आणि आवडते म्हणून देवासमोर बसल्यावर जिची तिला लाज वाटायची. हळूबाईच्या हातच्या ओळीत चूक सापडत नाही.

झालं होतं ते असं. त्यांच्या ऑफिसने केलेला एक प्रोग्रॅम बालवाड्यांच्या दारावर चालायचा. दर मुलामागे आईबापांना एक कार्ड. मूल न्यायला आलं की कार्ड दारावरच्या मशीनच्या पडद्याला लावायचं; कार्डावरचा आकडा आणि त्या मुलाच्या नोंदीतला आकडा जुळला की पडदा हिरवा, दार उघडं. नाही जुळला की पडदा लाल आणि त्यावर मोठ्या अक्षरांत: ही व्यक्ती पालक नाही. हे वाक्यही तिनेच निवडलं होतं, फार पूर्वी. संदिग्ध नको, दारावरच्या बाईला एका नजरेत कळायला हवं, असा विचार करून. त्या दिवशी तीन वाजता एक बाप कामावरचे कपडे न बदलता मुलीला न्यायला आला, नुकतंच मिळालेलं कार्ड पहिल्यांदाच लावलं आणि पडदा लाल झाला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. दारावरच्या मावशी नव्या होत्या. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मुलीला पाठीशी घेतलं. मुलीची आई फोन उचलत नव्हती. चाळीस मिनिटं तो माणूस जाळीच्या दाराबाहेर उभा होता, इतर पालक त्याच्याकडे बघत आपापली मुलं घेऊन गेले, आणि आत ती चार वर्षांची मुलगी मावशींच्या पदराआडून एकदा पडद्याकडे, एकदा बापाकडे बघत होती. शेवटी मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी फोटो ताडून पाहिला. दार उघडलं तेव्हा मुलगी पुढे आलीच नाही.

फोन ठेवून साहेब म्हणाले, कार्डावर एकशे अठ्ठावीस, नोंदीत एकशे अठ्ठावीस. मग जुळले नाहीत म्हणजे काय? आणि तो आकडा ऐकल्याबरोबर हळूबाईला चूक कुठे आहे ते कळलं. कुठलीही फाईल न उघडता. हे कळणं नवं नव्हतं. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं धरून टाकलेला पाय सपाट जमिनीवर आपटतो, तसं होतं ते.

दोन गोष्टी एक आहेत का, हे प्रोग्रॅमला दोन तऱ्हांनी विचारता येतं. एक तऱ्हा म्हणजे, या दोन्हींची किंमत सारखी आहे का? दुसरी म्हणजे, ही आणि ती अशा दोन वस्तू नाहीतच ना, एकाच जागी ठेवलेली एकच वस्तू आहे ना? एका साच्यातून काढलेल्या दोन वाट्या पहिल्या प्रश्नाला सारख्या ठरतात. दुसऱ्या प्रश्नापुढे त्या दोन वाट्या म्हणजे दोन वाट्याच, आणि प्रत्येक वाटी फक्त स्वतःशी जुळते. शिकाऊ मुलांना हे पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि शिकाऊ मुलं ते पहिल्या महिन्यात चुकतात. आणि चुकूनही पुष्कळदा निभावतं, हीच त्यातली मेख. लहान आकडे सारखे लागतात म्हणून प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय ती भाषा ते आधीच घडवून जणू फळीवर मांडून ठेवते, एकशे सत्तावीसपर्यंत. कुणीही सात मागितला की फळीवरचा तोच सात हातात. मग जुळतात का असं विचारण्याऐवजी एकच आहेत का असं विचारलं, तरी उत्तर बरोबर येतं. वर्षानुवर्षं बरोबर येतं, चाचणीत बरोबर येतं, कारण चाचणी कोण एकशे अठ्ठावीसने घेतो, सगळे सात आणि बाराने घेतात. एकशे सत्तावीसला फळी संपते. पुढचा आकडा दर मागणीला नवा घडतो: कार्डासाठी एक, नोंदीसाठी एक, हुबेहूब, आणि वेगळे. बालवाड्या लहान असायच्या, साठसत्तर कार्डांच्या. या बालवाडीने यंदा मागे दोन खोल्या वाढवल्या. एकशे सत्तावीस मुलांचे बाप फळीवरचे होते. एकशे अठ्ठाविसाव्या मुलीचा बाप नव्याने घडला, आणि पडद्याने सांगितलं, हा तो नव्हे.

संध्याकाळी साडेपाचला, सगळे आवराआवर करत असताना, तिने जुन्या फायलींचं कपाट उघडलं. खरं कपाट नव्हे, पण ती मनात त्याला कपाटच म्हणायची. जुना साठा, जिथे आता कुणी फिरकत नव्हतं. ओळ सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. अकरा वर्षांपूर्वीची तारीख, शेजारी तिच्या नावाची दोन अक्षरं, आणि एकच आहेत का असं विचारणारं ते चिन्ह, सरळ, आत्मविश्वासाने लिहिलेलं. अकरा वर्षांपूर्वी तिचे केस कमरेपर्यंत होते. आई होती. ती सकाळीही बोलायची, खूप बोलायची, डबा भरता भरता आईला ऑफिसातल्या गमती सांगायची आणि आई मौनात असल्यामुळे नुसती डोळ्यांनी हसायची. ज्या बाईने ही ओळ लिहिली तिची आणि आपली ओळख तरी उरली आहे का, असं हळूबाईच्या मनात आलं, आणि लगेच हेही आलं की हा विचार मोठा सोयीचा आहे. तिने ते कपाट बंद केलं. सहा वाजता ती पर्स उचलून निघाली तेव्हा चष्मेवाली अजून बसलेली होती, पडद्याला नाक टेकेल इतकी वाकून. चष्मेवालीला नोकरीला लागून पाच महिने झाले होते, सहाव्या महिन्याअखेर कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि चूक शोधायचं काम साहेबांनी तिच्यावर टाकलं होतं. तिने मान वर न करता विचारलं, ताई, तुम्हाला काही सुचतंय का? संध्याकाळचे सहा. मौन नव्हतं, साहेब नव्हते, खोलीत दोघीच. हळूबाई म्हणाली, उद्या बघू. आणि जिना उतरू लागली. तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर येईपर्यंत ते दोन शब्द तिच्या तोंडात कडवट गोळीसारखे विरघळत राहिले. उद्या सकाळी काही बघता येणार नव्हतं. उद्या सकाळी, साडेबारापर्यंत, ती बोलणारच नव्हती, आणि हे उद्या बघू म्हणताना तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सगळे लांब टेबलाभोवती बसले. चष्मेवालीने रात्री थांबून चूक शोधली होती, दुरुस्तही केली होती. एक चिन्ह काढून एक शब्द घातला, इतकंच. साहेबांनी भिंतीवरच्या पडद्यावर दुरुस्तीआधीची ती फाईल उघडली. प्रत्येक ओळीसमोर तिला शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव येतं. तिथे वरपासून खालपर्यंत चष्मेवालीचं नाव होतं, कारण गेल्या महिन्यात सगळ्या जुन्या फायली नव्या जागी हलवून साफसूफ करायचं कंटाळवाणं काम नवी म्हणून तिच्या गळ्यात पडलं होतं. घर बदलताना सामान वाहणाऱ्याचं नाव सामानावर लागावं, तसं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. बालवाडीला लेखी पत्र द्यावं लागेल, त्यात कुणाची चूक ते स्पष्ट लिहावं लागेल, आणि ज्याची चूक त्याने स्वतः जाऊन त्या पालकाला भेटलेलं बरं, असं ते म्हणाले. मग सगळे चष्मेवालीकडे बघू लागले. आणि चष्मेवाली त्या ओळीकडे बघत होती, डोळे बारीक करून, अनोळखी घरात आपलाच फोटो टांगलेला दिसावा तशी. "मी असं लिहिल्याचं आठवत नाही," ती म्हणाली. "पण नाव माझंच आहे. झालं असेल माझ्या हातून. त्या दिवसांत घाई होती."

झालं असेल माझ्या हातून. हळूबाईच्या समोर पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, त्यावर पेन आडवं. सवयीने तिने ते उचललंही. टोपण काढलं. कागदावर निब टेकवली, आणि एक ठिपका पडला, आणि तो ठिपका पसरत गेला. तिला आठवलं की नियमात लिहायला मुभा आहे. मग आठवलं की आईच्या नियमात ती नव्हती, ऑफिसासाठी तिने स्वतः करून घेतली होती. मग वाटलं, आज ती मुभा घेऊ नये, आज नियम पुरा पाळावा, आईसारखा. हा विचार इतका पवित्र चेहरा करून आला की तिने पेनचं टोपण लावलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी खाकरलं. साहेबांनी तिच्याकडे पाहून आदराने विचारलं, हळूबाई, तुम्हाला काही सुचवायचंय? तिने मान हलवली. नाही. तेवढ्यासाठी मात्र मान हलली.

जागेवर परत येऊन तिने काम काढलं आणि अक्षरं नुसती समोरून जात राहिली. साडेदहा. पावणेअकरा. मौनात एरवी तिला सकाळ मोठी वाटायची, निवांत, पुसून ठेवलेल्या ओट्यासारखी. आज तीच सकाळ अंगाला लागत होती, नव्या कापडाच्या शिवणीसारखी, कुठेतरी मानेमागे. तिने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच लक्षात आलं की ती ते मोजतेय, साडेबारा वाजायला किती राहिले ते मोजावं तसं. आईचं मौन असं नव्हतं. की असंच होतं? आणि मग तो जिना आला, जो नको होता. नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, भाड्याच्या खोल्यांचा लाकडी जिना, खाली शिंप्याचं दुकान, दुकानाच्या दारालगत खिळ्याला टांगलेला पिंजरा आणि त्यात एक पिवळं पाखरू. ती आठ वर्षांची, दादा अकराचा. सकाळची वेळ. शिंपी मागे गेला होता. पिंजऱ्याची कडी तिने उघडली. पाखरू गेलं. तिने वर पाहिलं तर खिडकीत आई होती, मांडीवर पोथी, मौनात. आईने पाहिलं की नाही? कित्येक वर्षं हळूबाईने स्वतःला सांगितलं की आईचे डोळे पोथीवर होते. शिंपी तणतणत वर आला. त्याने नाव घेतलं ते दादाचं, कारण गल्लीत काही बिघडलं की दादाचंच नाव घ्यायची रीत पडली होती. दादा म्हणाला, मी नाही. नाना आईकडे वळून म्हणाले, तू खिडकीत होतीस, तू पाहिलं असशील. बोलू नकोस, मान तरी हलव. आईने मान हलवली नाही. हो म्हणूनही नाही, नाही म्हणूनही नाही. ती समोर बघत बसून राहिली आणि तिच्या पापण्या इतक्या स्थिर होत्या की त्या दिसत राहिल्या. नानांनी दादाला जिन्यात उभं केलं. बारा वाजेपर्यंत. येणारा जाणारा त्याला वळसा घालून जात होता. आठ वर्षांची मुलगी दाराच्या फटीतून त्याचे मोजे बघत होती. एका मोज्याला टाचेशी भोक होतं, आणि दादा ते भोक दुसऱ्या पायाने झाकत होता. तिला काही मौन नव्हतं. तरी ती बोलली नाही. बारा वाजले तेव्हा आईचे पहिले शब्द होते, "ये आत. पाणी पी." दादाला. पिंजऱ्याविषयी त्या दिवशी नाही, त्यानंतर कधीच नाही.

आणि दुसऱ्या दिवसापासून आईचं मौन साडेबारापर्यंत झालं. आधी बारापर्यंतच होतं. नानांनी विचारलं होतं, हा अर्धा तास कसला? आई म्हणाली होती, वरचा. नाना हसले होते.

हळूबाईचा हात कीबोर्डवर थांबला. हे तिला ठाऊक होतं. मनाच्या कुठल्या तरी खणात वर्षानुवर्षं पडून होतं, पण त्याची एक बाजू दुसऱ्या बाजूला कधी लावून पाहिली नव्हती. आई गेल्यावर पंधरा दिवसांनी तिने ते मौन घेतलं, जसंच्या तसं. उठल्यापासून साडेबारापर्यंत. आईचं तेच मी चालवते, असं ती विचारणाऱ्याला नम्रपणे सांगायची, आणि लोकांचे चेहरे मऊ व्हायचे. तेच. तो शेवटचा अर्धा तास सगळ्यांत छान जायचा. बारा वाजून गेल्यावर, बाकीचे डबे उघडून गप्पा मारत असताना, ती आपली गप्प बसायची, आणि वाटायचं, हा खरा कस आहे. नऊ वर्षं. ज्या अर्ध्या तासात आई दर दिवशी मनाने त्या जिन्यात जाऊन उभी राहायची, तो तिने उचलून स्वतःच्या अंगावर दागिन्यासारखा घातला होता. आईने मला वाचवलं आणि त्याची भरपाई स्वतः करत राहिली, असं ती मनात जुळवू लागली. पण ते पुरतं जुळेना. कारण आई गप्प राहिली ती माझ्यासाठी की नियमासाठी? आणि आज मी गप्प बसले ती कुणासाठी? बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही मौनं एका छापाची दिसतील: तीच वेळ, तेच मिटलेले ओठ, तशीच ताठ पाठ. दोन हुबेहूब आकडे. उठून तिने खिडकी उघडली. खाली रस्त्यावर एक माणूस शिडीवर चढून दुकानाच्या पाटीची अक्षरं पुसत होता, आणि पुसलेल्या अक्षरांचे ठसे भिंतीवर तसेच दिसत होते.

बारा वाजले. लोक डबे घेऊन उठले. चष्मेवाली मात्र उठली ती पर्स घेऊन, हातात पाकीट. पत्र तयार होतं. साहेबांनी वाचलं होतं. तिने खाली सही केली होती. बसला तासभर लागतो, आत्ता निघाले तर मुलं सुटायच्या आत पोचेन, असं ती शेजारणीला सांगत होती, आणि शेजारीण म्हणत होती, अगं दोन घास खाऊन जा. चष्मेवाली म्हणाली, खाऊन गेले तर तिथे उलटी होईल. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती हळूबाईच्या टेबलाशेजारून गेली. तिच्या पर्सच्या पट्ट्याचं टोक टेबलाला घासलं आणि चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी, सकाळच्या ठिपक्याची, खाली पडली. चष्मेवालीने वाकून ती उचलली, दोन्ही बाजूंनी पाहिली, ठिपक्याशिवाय कोरी आहे बघून जागेवर ठेवली.

"थांब," हळूबाई म्हणाली.

आवाज नीट फुटला नाही. सकाळभर न वापरलेला, खरखरीत. तो ऐकून डबे उघडणारे हात थबकले आणि दोघातिघांनी आपोआप घड्याळाकडे पाहिलं.

"ती ओळ माझी आहे. अकरा वर्षांपूर्वीची. जुन्या साठ्यात नावासकट आहे. तू फक्त फाईल हलवलीस."

चष्मेवाली तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं हळूबाईला वाटलं असावं, कारण ती दिसली नाही तेव्हा तिला स्वतःचीच ती अपेक्षा कळली. "तुम्हाला कधी कळलं?" चष्मेवालीने विचारलं.

"काल. सहाच्या आधी."

"काल सहाला मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"आणि आज सकाळी चिठ्ठ्या तुमच्यासमोरच होत्या."

"हो."

चष्मेवालीने पाकीट टेबलावर ठेवलं. "मी सकाळपासून विचार करत होते, की मी असं कसं लिहीन," ती म्हणाली, अगदी हळू, जणू आवाजही अदलाबदल झाले होते. "पत्र लिहिता लिहिता मला ते लिहिल्याचं आठवायलाही लागलं होतं, ताई." आणि ती जाऊन आपल्या खुर्चीवर बसली, पाठ फिरवून. कुणीतरी काहीतरी बोलायचं म्हणून बोललं, आज नियम मोडला वाटतं. हळूबाईने जाऊन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पत्र नव्याने लिहा, आणि तुम्हीच जा. चूक सापडत नाही, हे वाक्य त्या खोलीत पुन्हा कुणी म्हणणार नव्हतं. तिला वाटलं होतं तितकं ते दुखलं नाही. दुखली ती चष्मेवालीची फिरवलेली पाठ.

बालवाडीच्या दारापाशी तीनच्या सुमाराला पालकांची रांग लागली. पडद्यावर एकेक कार्ड लागत होतं, हिरवं, हिरवं, हिरवं. तो बाप शेवटी आला. गाड्या दुरुस्त करणारा माणूस, बाह्यांना तेल, अंगठ्याचं नख अर्धं काळं. आज तो मुद्दामच शेवटी आला असावा, कुणी बघायला नको म्हणून. हळूबाईने पत्र दिलं आणि तोंडानेही सांगितलं, चूक माझी होती, अकरा वर्षांपूर्वीची. तो थकलेलं हसला. "अकरा वर्षांपूर्वी तर माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं, बाई," तो म्हणाला. पत्राची घडी त्याने न वाचताच खिशात घातली. "मला काही नाही. ती रात्री आईच्या कुशीत झोपली, माझ्याकडे आली नाही. सांगायचं तर तिला सांगा."

मुलगी जाळीच्या आत मावशींशेजारी उभी होती. हळूबाई गुडघे वाकवून बसली. इतक्या वर्षांत ती लहान मुलाशी अशी समोरासमोर बोलली नव्हती. ती म्हणाली, "त्या मशीनला मी चुकीचं विचारायला शिकवलं होतं. म्हणून ते चुकलं."

मुलीने जरा विचार केला. "मग बरोबर काय विचारायचं?"

हळूबाईला सुचलं ते तिच्या कामाचं उत्तर होतं, एक चिन्ह काढून एक शब्द, आणि ते इथे पुरणारं नव्हतं. ते लावलं तर उद्या कुणीही तोच आकडा घेऊन येईल आणि पडदा हिरवा होईल. बापाने कार्ड लावलं. हिरवं झालं. दार उघडलं. मुलगी आधी पडद्याकडे बघत राहिली, मग पुढे आली, पण गळ्यात पडली नाही. तिने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, उलटा केला, अंगठ्याचं नख जवळ घेऊन पाहिलं, काळ्या भागावरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. मग ती म्हणाली, "चला," आणि तोच हात धरून त्याला ओढत रस्त्याकडे नेऊ लागली.

बसथांब्यावर बाकाच्या कडेला बसून हळूबाईने दादाला फोन लावला. दादा दुसऱ्या शहरात, निवृत्त, दुपारी झोपणारा. त्याने घाबरूनच उचलला, या वेळी तिचा फोन कधी यायचा नाही. सगळं बरं आहे ना गं, त्याने तीनदा विचारलं. तिने सांगितलं, बरं आहे. मग सांगितलं की शिंप्याचा पिंजरा तिने उघडला होता, त्याने नाही, आणि त्याला बारापर्यंत जिन्यात उभं राहावं लागलं ते तिच्यामुळे.

मग दादा म्हणाला, "कुठल्या दिवशी गं? नानांनी मला त्या जिन्यात कितीदा उभं केलंय. महिन्यातून दोनदा तरी." तो हसत होता, खरंच आठवायचा प्रयत्न करत होता. ती म्हणाली, तुझ्या मोज्याला भोक होतं. तो म्हणाला, माझ्या सगळ्याच मोज्यांना असायचं. त्याच्यापाशी तो दिवस नव्हताच. तसे पुष्कळ होते, एकासारखा एक, आणि त्यांतला कुठलाही उचलून दिला तरी त्याला चालणार होता. माफ करायलासुद्धा त्याच्या हातात काही नव्हतं. एक बस आली, थांबली, तिची नव्हती, गेली.

"आणि ते पाखरू?" दादाने विचारलं. "दार उघडल्या उघडल्या उडालं असेल."

दादाला दोनदा हॅलो म्हणावं लागलं.

"नाही," ती म्हणाली. "ते उडत नव्हतं. दारात येऊन बसलं होतं नुसतं. मी बोटाने ढकललं."